नखाचं कुठं लिवलंय

हे लिहावं की नाही, या विचारातच माझा एक महिना गेला. आमच्या घरात लिहिणं म्हणजे पोस्टकार्ड, तेही मामाकडून लिहून घेतलेलं. कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ज्यांच्यावर लिहायचं आहे त्या कुणी मोठ्या नव्हत्या. त्यांच्या नावाची पाटी कुठे नाही, त्यांचा फोटो कधी छापून आला नाही. शिवाय त्यांच्याबद्दल लिहिण्याचा हक्क त्यांच्या घरच्या माणसांचा, मी तर अडीच वर्षं राहिलेली भाडेकरू. तरीही लिहिते आहे. शब्द चुकला असेल तर ज्यांना तो कळेल त्यांनी मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावा, एवढीच विनंती.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. रोज एक नवं ऑफिस उघडत होतं, जुन्या पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून त्यावर 'जिल्हा लातूर' लिहिलं जात होतं. ऑफिसं आली तशी कारकून मंडळी आली आणि गावातल्या खोल्या भरून गेल्या. माझा मामा अशाच एका नव्या ऑफिसात शिपाई होता. त्याच्याकडे राहून मी कॉलेजात नाव घातलं. सहा महिन्यांत त्याची बदली निलंग्याला झाली. वडिलांनी नायगावहून निरोप पाठवला, खोली मिळाली तर शीक, नाही तर परत ये. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आमच्या गल्लीतल्या कुठल्याच मुलीसाठी कुणी खोली शोधली नव्हती, त्यामुळे ती मिळेल असं त्यांना वाटतच नव्हतं.

मामा आणि मी आठ दिवस फिरलो. खोली रिकामी दिसायची, बाई गोड बोलायची, पाणी द्यायची. मग विचारायची, "कोणापैकी म्हणायचं तुम्ही?" मामा सांगायचा. मग त्या बाईला आठवायचं की खोली कालच एका कारकुनाला दिली आहे.

सातव्या की आठव्या घरी निळ्या दाराबाहेरच्या ओट्यावर एक बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या आसपासच्या. कपाळ मोकळं, हात मोकळे, पांढरट लुगडं. डावा हात समोरच्या पाटावर पसरलेला आणि उजव्या हातात टाचणी. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "उजेडात उभं ऱ्हाऊ नका. पाकळी वाकडी झाली."

आम्ही बाजूला सरकलो. मामानं खोलीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "हात दाखव."

मामानं हात पुढे केला.

"तुमचा कशाला? मला काय भविष्य सांगायचंय का? पोरीचा."

मी हात पुढे केला, पण सवयीनं डावा अंगठा मुठीत होता.

"अंगठा कुठून चोरून आणलास का? लपवायलीस काहून?"

माझ्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध तिरपं दुभंगलेलं आहे. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. मी आठ वर्षांची होते आणि तिच्यासमोर दगड धरून बसायचे. एकदा हातोडा निसटला. नख गेलं. नवं आलं ते असं दोन भागांत. मी हे कधीच कुणाला सांगत नाही, पण त्या बाईंना सांगितलं.

"कुणाचा हातोडा?"

"आईचा."

"मंग आई?"

"दोन दिवस जेवली नाही."

त्यांनी माझा अंगठा उजेडात धरून बराच वेळ पाहिला, सोनार दागिना बघतो तसा. मग म्हणाल्या, "उद्या सामान घेऊन ये."

मामा सरळ माणूस. त्याला गप्प राहवेना. "बाई, आम्ही बौद्ध आहोत. आधी सांगितलेलं बरं."

"मंग? तुमची नखं येगळी असतेत का?" असं म्हणून त्यांनी टाचणी पुन्हा बाटलीत बुडवली.

मी त्यांना काकू म्हणायला लागले तर म्हणाल्या, "काकू म्हणू नको. काकू म्हणलं की काका कुठं हायत म्हणून इचारतेत लोक. अक्का म्हण." गल्लीत मात्र त्यांना 'नखवाली' म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही असावं. "पिठाची गिरणी असली की गिरणीवाली म्हणतेत. माझ्याकडं नखं हायत."

लग्नाला चार वर्षं झाली आणि त्यांचे यजमान काविळीनं गेले. जाण्याच्या महिनाभर आधी त्यांनी हैदराबादहून नखांच्या लाल रंगाची एक बाटली आणली होती. ती न उघडता राहिली. कुंकू गेलं, मंगळसूत्र गेलं, हिरव्या बांगड्या गेल्या, जोडवी गेली. पेटी आवरताना ती बाटली हाताला लागली. आता हिचं काय करायचं, हे सांगायला कुणी नव्हतं. अक्का बाटली पदराखाली घेऊन त्यांच्या लिंगायत मठात गेल्या आणि स्वामींना विचारलं.

"मी म्हणलं, स्वामीजी, कुंकवाचं लिवलंय, बांगड्यांचं लिवलंय. नखाचं कुठं लिवलंय का? ते लई वेळ डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले का काय. मंग म्हणले, बाई, नखाबद्दल काही सांगितलेलं न्हाई. मी म्हणलं, झालं मंग."

हा किस्सा त्या दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगत. मी हसले तर म्हणायच्या, "हसू नको. इचारून केलंय मी."

त्या फक्त डाव्या हाताची नखं रंगवत. उजव्या हाताला रंगवायला तिसरा हात कुठून आणायचा, हे एक कारण. दुसरं कारण त्यांना जास्त महत्त्वाचं वाटे. रोज सकाळी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन त्या पूजेला बसत. म्हणायच्या, "उजवा हात कामाचा, डावा देवाचा. हातावर बसल्यावर महादेवाला समोर काय दिसतंय? माझी पाच नखं. ती काय राखेनं भरलेली दाखवू?" पूजेला बसलेल्या अक्कांकडे मी दारातून पाहायचे. लिंगाभोवती पाच बोटं उभी असायची आणि प्रत्येकाच्या टोकाला एक फूल.

त्यांचं सगळं काम घरातल्याच वस्तूंवर चालायचं. काळ्या डोक्याची टाचणी पेन्सिलीच्या मागच्या रबरात खोचली की ठिपक्यांचं हत्यार तयार. मोठा ठिपका टाचणीच्या डोक्यानं, बारीक ठिपका खराट्याच्या काडीनं. पाच ठिपके गोल मांडायचे आणि ओले असतानाच दुसऱ्या टाचणीच्या टोकानं एकेकाला मधे ओढायचं. पाच पाकळ्यांचं फूल झालं. सरळ रेघ हवी असेल तर पोस्टाच्या तिकिटांच्या कडेचा डिंकाचा कागद जपून ठेवलेला असायचा. त्याची पट्टी चिकटवायची, वरून रंग फिरवायचा, पट्टी हळूच काढायची. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडून त्यांनी एक जुना ब्रश मागून आणला होता आणि त्याचे तीन केस ठेवून बाकीचे कापून टाकले होते. "तीन केसांत जे होतंय ते तीसमध्ये होत न्हाई."

घाई त्यांना चालत नसे. "दोन पातळ हात. एक जाड हात न्हाई." पहिला हात वाळला हे कसं ओळखायचं? नखाला बोट लावून बघायचं नाही. एक जपमाळ पूर्ण झाली की दुसरा हात. मी एकदा म्हटलं की घड्याळ लावून बघू, तर म्हणाल्या, "घड्याळाला काय पुण्य लागतंय?"

लाल आणि गुलाबी रंग बाजारात मिळे. पांढरा कुठेच मिळत नसे, आणि पांढऱ्याशिवाय फूल उठत नाही. एकदा मामा भेटायला आला तेव्हा ऑफिसात टाकून दिलेली एक बाटली त्याच्या खिशात होती. टाइपिंगची चूक पुसायची पांढरी शाई, तळाशी उरलेली. अक्कांनी त्यात गुलाबीचे दोन थेंब टाकून ती पातळ केली, एक ठिपका ठेवला आणि मामाकडे बघितलं. "सरकारची चूक झाकायची शाई हाय व्हय ही? माझ्या नखावर बघा कशी मोगऱ्यासारखी बसली." त्यानंतर मामा दर महिन्याला निलंग्याहून अशा संपत आलेल्या बाटल्या आणायचा. त्याच्या ऑफिसात चुका खूप होतात, असं अक्कांचं मत झालं होतं.

त्या वर्षांत पाऊस नीट नव्हता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची. अक्कांचं पंचांग नळावर चालायचं. पाणी भरायच्या दिवशी नखं रंगवायची नाहीत, घागर घासून रंग उडतो. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगवायची. भांडी राखेनं घासताना त्या बोटांना चिंध्या गुंडाळत. शेजारणी म्हणत, "प्यायला पाणी न्हाई अन् हिला नखांची पडलीय." अक्का म्हणत, "माझ्या नखाला एक थेंब पाणी लागत न्हाई. तुमच्या तोंडालाच जास्त लागतंय."

माझ्या अंगठ्याला त्यांनी पहिल्या आठवड्यातच हात घातला. मी नको म्हटलं. त्या ते नख झाकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी झाकलं नाही. दुभंगाच्या एका बाजूला लाल रंग दिला, दुसऱ्या बाजूला गुलाबी. मधली तिरपी रेघ कोरी ठेवली.

"हे कोणतं फूल?" मी विचारलं.

"फूल कशाला? हा बांध हाय. इकडं एक रान, तिकडं एक रान. बाकीच्या पोरींना बांध घालायला कागदाची पट्टी लागती. तुझा आयता हाय."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी वही उघडली तेव्हा अंगठा वहीवर होता. ते माझ्या लक्षात आलं दुसऱ्या तासाला.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

अक्कांचे धाकटे दीर पुढच्याच गल्लीत राहत. त्यांचं अडतीचं दुकान होतं. अक्कांचं घर दोघा भावांच्या नावावर होतं. दिरांची मुलगी मंगल माझ्याच वयाची. ती अक्कांना मोठीआई म्हणायची आणि नखं रंगवून घ्यायला चोरून यायची. माझं दुसरं वर्ष चालू असताना तिला बघायला उदगीरकडचे पाहुणे आले. आदल्या दिवशी ती आली आणि अक्कांनी तिच्या दहाही नखांवर मोहरीएवढी पांढरी फुलं काढली. काढताना त्या एकदा थांबल्या. "माझ्या हातची हायत म्हणून सांगू नको," एवढंच म्हणाल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून येताना मंगलच्या दारावरून जात होते. ओट्यावर पाहुण्यांतल्या एक वयस्क बाई मंगलचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांना ती फुलं फार आवडली होती. त्यांनी मलाच विचारलं, "काय ग पोरी, हे इतकं बारीक काम तुमच्या लातुरात कोण करतंय?"

मला केवढा अभिमान वाटला. मी म्हटलं, "आमच्या अक्का. हिच्या मोठीआई."

"म्हंजे हिच्या वडलांच्या मोठ्या भावाची बायको? ती तर..." त्यांनी मंगलचा हात सोडला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "अन् तू कोण?"

मी तेही सांगितलं. नाव, आडनाव, अक्कांकडे राहते, सगळं. शाळेत उभं करून विचारल्यावर सांगतात तसं.

पाहुणे चहा न घेता गेले. लग्न ठरायच्या मुलीच्या हाताला विधवेचा हात लागला, आणि त्या घरात भाडेकरू कोण, हे दोन्ही माझ्याच तोंडून निघालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीर दोन नातेवाइकांना घेऊन आले. मी आतल्या खोलीत होते. माझी ट्रंक मी सकाळीच भरून ठेवली होती.

"वैनी," दीर म्हणाले, "मी आजवर काही बोललो का? पण आता पोरीचा प्रश्न हाय. दोन्ही गोष्टी बंद करा. नखं बी अन् भाडेकरू बी."

मग अक्कांचा आवाज आला. "भावजी, दोन मागितलं की एक बी मिळत न्हाई. दोन्ही सोडायचं असंल तर मी घरच सोडते. मठाच्या पायरीवर जाऊन बसते. लोक तुमाला इचारतील, वैनीला काहून काढलं. तुम्ही सांगत बसा, नखासाठी."

"तसं कोण म्हणतंय वैनी?"

"मंग एक सोडते. पोरगी बी. ए. होईपर्यंत हितंच ऱ्हाईल. नखं सोडते."

दीर म्हणाले, "शब्द द्या."

दाराच्या फटीतून मला दिसलं. अक्कांनी गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि उजवा हात त्याच्या शेजारी धरला. "ह्या दोन हातांच्या नखांना पुन्हा रंग लावणार न्हाई. महादेवाच्या साक्षीनं." प्रत्येक शब्द सावकाश उच्चारला.

ते गेल्यावर अक्कांनी बाटली काढली. जुना रंग काढायची त्यांची रीत अशी होती की वरून नवा रंग लावायचा आणि वाळायच्या आत चिंधीनं पुसून घ्यायचा, दोन्ही निघून जातात. पाच नखं झाली. चिंधीवर पाच डाग राहिले. बाटल्या त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"रंग वाळून जाईल अक्का," मी म्हटलं.

"वाळू दे." मग माझी ट्रंक बघून म्हणाल्या, "हे काय? खोल ते. अन् ऐक, तुला एक सांगते. तुला खोटं बोलता येत न्हाई. गुण चांगला हाय. पण इथून पुढं मी तुला सगळं सांगंन असं समजू नको."

त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही. सकाळच्या पूजेत त्यांची पाच बोटं उघडी दिसायची आणि मी दारातून नजर काढून घ्यायचे. मी पास होत गेले. प्रत्येक निकालाच्या दिवशी मला ती चिंधी आठवायची.

काही दिवसांनी अक्कांनी मोजे घालायला सुरुवात केली. राखाडी, पुरुषांचे, सुती. लातूरच्या उन्हाळ्यात. "टाचांना भेगा पडल्यात," म्हणायच्या. गल्लीत त्यावरही बोलणं झालं, पण नखवालीचं आणखी एक खूळ म्हणून सोडून दिलं. कधीकधी दुपारी कॉलेजातून आले की घरात रंगाचा तो तिखट वास यायचा. कुठल्यातरी बाटलीचं बूच सैल झालं असेल, असं मला वाटे. मी त्यांना तसं सांगितलंसुद्धा. "असंल," त्या म्हणाल्या.

शेवटच्या वर्षी मी त्यांच्या भेगांसाठी कोकम तेलाची एक डबी आणली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मी खाली बसले आणि म्हटलं, "द्या अक्का, मी लावते," आणि त्यांच्या मोज्याला हात घातला.

त्यांनी पाय एकदम ओढून घेतला. "माझ्या पायाला हात लावायचा न्हाई."

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी उठले आणि अभ्यासाला बसले. पुस्तकातलं काही दिसत नव्हतं. ज्या बाईनं मला आडनाव विचारलं नव्हतं, तिच्याही मनात कुठेतरी एक रेघ असेल का? असा विचार करणं पाप आहे असं वाटे, आणि विचार जात नसे. संध्याकाळी त्या नेहमीसारख्या बोलल्या, माझ्या ताटात जास्तीची भाकरी वाढली. मी विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

परीक्षा संपली. निघायच्या दिवशी मामा रिक्षात ट्रंक ठेवत होता. अक्का ओट्यावर उभ्या होत्या. वाकून पायांना हात लावावा असं मनात होतं. मी दोन पावलांवरून हात जोडले. त्या म्हणाल्या, "अंगठा वर ठेवत जा."

मी नांदेडला एम. ए.ला नाव घातलं. दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. अक्कांना वाचता येत होतं, लिहिण्याचा कंटाळा होता. तिसरं पत्र मी लिहिलं आणि टाकलं नाही.

गेल्या महिन्यात भाजीबाजारात कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली. मंगल होती. तिचं लग्न नांदेडलाच झालं आहे, कडेवर मूल होतं. आधी आम्ही दोघी नुसत्याच हसलो. मग ती म्हणाली, "तुला कळलं न्हाई का? मोठीआई गेली. दोन महिने झाले. दीड महिना अंथरुणावर होती."

ती सांगत राहिली. शेवटची आंघोळ घालायला ती, तिची आई आणि गल्लीतल्या दोघी होत्या. पायांतले मोजे काढायला लागल्या आणि सगळ्यांचे हात थांबले. भेग एकही नव्हती. दहाही नखं रंगवलेली होती. आजारपणात नखं वाढून मुळाशी कोरी पट्टी आली होती, पण वरचं काम जसंच्या तसं होतं. एक शेजारीण म्हणाली, रॉकेलनं पुसून काढा. तेवढ्यात बाहेरून मंगलच्या वडिलांनी विचारलं, काय झालं. तिच्या आईनं दार किलकिलं करून सांगितलं.

"दादा दाराजवळ आले," मंगल म्हणाली. "मंग म्हणले, हातावर हाय का? आई म्हणली, न्हाई. दादा म्हणले, मंग ऱ्हाऊ द्या. वैनीनं हाताचा शब्द दिलता. पायाचं कुठं ठरलं होतं?"

तसंच नेलं त्यांना, ती म्हणाली. लिंगायतांच्या रीतीनं समाधीच्या खड्ड्यात मांडी घालून बसवलं, पाय वळवून घेतले, आणि ती नखं तशीच.

"काय काय काढलं होतं?" मी विचारलं.

"फुलंच की. मोहरीएवढी, पांढरी. तिच्या हातची. पण डाव्या पायाच्या अंगठ्यावर फूल नव्हतं ग. अर्धं लाल, अर्धं गुलाबी, अन् मधी एक तिरपी रेघ कोरीच सोडलेली. आम्ही लई बघितलं. मला वाटलं, रंग संपला असंल."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि मंगलला माझा अंगठा दाखवला.